प्रार्थनेतली गुणगुण

सोलापुरातल्या त्या मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा तिथलं अ‍ॅम्प्लिफायरचं मशीन चांगलं म्हातारं झालेलं होतं. व्हॉल्व्हचं, जड, लोखंडी पेटीतलं. सकाळी शिपाईमामा बटण दाबत आणि मिनिटभरात कर्ण्यातून एक संथ घूंऽऽ सुरू होई. प्रार्थना, सूचना, बातम्या, सगळं त्या घूंऽऽवरच चालायचं.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंनी, एकदा मला बोलावलं.

"तुम्ही फिजिक्सच्या ना? मग ते मशीन तेवढं बघा."

फिजिक्सच्या पदवीत असलं मशीन कधी उघडलं नव्हतं. पण तसं सांगायचा धीर झाला नाही. मी बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेले आणि तिथल्या चाचांना आवाज काढून दाखवला. त्यांनी तो दोनदा काढायला लावला. दुसऱ्यांदा शेजारच्या चष्मेवाल्यालाही बोलावलं.

"कंडेन्सर सूखा है, बाई," ते म्हणाले. "फूल गया होगा. उसके बाजू में अच्छा जोड़ के देखो. आवाज बंद, तो चोर वहीच." आणि त्यांनी एक चांगला कंडेन्सर नि चिमट्याच्या दोन वायरी दिल्या. "हात मत लगाना," एवढं बजावून.

शिक्षकखोलीत पेटी उघडली. आत फुगलेला, बुडाशी चिकट डाग पडलेला कंडेन्सर मलासुद्धा लगेच ओळखू आला. चांगला कंडेन्सर त्याला चिमट्यांनी जोडला, बटण दाबलं, आणि घूंऽऽ अजिबात आलीच नाही. शिपाईमामा म्हणाले, "मेलं का काय?" मला मात्र फार आनंद झाला. मी चिमटे काढले, मामांना पिन काढायला सांगितली, आणि तो कंडेन्सर चाचांना परत द्यायचा म्हणून टेबलावरून उचलला. त्याच्या दोन्ही तारांना एकदम बोट लागलं आणि सणसणीत झटका बसला.

मी जे ओरडले ते शेजारच्या सातवीच्या वर्गाने ऐकलं.

"पर बाई, पिन म्या काढलीया की," मामा पिन हातात धरून म्हणाले. "आन् ती डबी तर कशालाच जोडल्याली न्हाय."

"तिच्यात करंट साठून राहतो, मामा."

 मामा दोन पावलं मागे सरकले आणि त्यानंतर माझ्या टेबलावरची खडूची पेटीसुद्धा फडक्याने उचलू लागले.

संध्याकाळी चाचांनी येऊन नवा कंडेन्सर डाखून दिला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला मी मुद्दाम पुढे उभी राहिले. मशीन सुरू झालं. इतकी शांतता त्या मैदानावर कधी नव्हती. संगीताच्या बाई माईकसमोर डोळे मिटून उभ्या होत्या. उभ्याच राहिल्या. चारशे मुली हात जोडून वाट बघत होत्या. मग बाईंनी एक डोळा उघडला.

"मामा, मशीन लावलं नाही का?" हे सगळ्या शाळेला कर्ण्यातून स्वच्छ ऐकू आलं.

शेवटी त्यांनी सुरुवात केली, पण भलत्याच उंच. दुसऱ्या कडव्याला मुलींचे आवाज चिरकले, तिसऱ्याला हसू फुटलं, आणि मोठ्या बाईंनी हात वर करून प्रार्थना थांबवली.

तेव्हा उलगडा झाला. संगीताच्या बाई गेली नऊ वर्षं आपला सा त्या घूंऽऽमधून घेत होत्या.

"बाजाची पेटी घ्या ना," मी म्हटलं.

"घेतली होती," त्या कोरडेपणाने म्हणाल्या. "तुमच्या त्या आवाजाचा सा पांढरी पाच आणि काळी चारच्या मधला. पेटीत तो नाहीच. खालच्यात मुली झोपतात, वरच्यात ओरडतात. तो जुना कंडेन्सर परत बसवा."

"टाकून दिला हो."

चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मग मोठ्या बाईंनी आम्हा दोघींना समोर उभं करून निकाल दिला. संगीताच्या बाईंनी घरचा तंबोरा आणायचा, हव्या त्या सुरात लावायचा. आणि ज्यांनी आवाज बंद केला, त्यांनी रोज सकाळी तो छेडायचा.

"मला सुरातलं काही कळत नाही," मी म्हटलं.

"तारा चारच आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या.

पहिल्या आठवड्यात बोटांना फोड आले. संगीताच्या बाई गाता गाता माझा हात धरून लय सावरत. पुढे बोलणं सुरू झालं, डबे एकत्र उघडू लागले. पावसाळ्यात एका सकाळी तंबोरा छेडताना मी मधेच थांबले आणि म्हटलं, "बाई, मधल्या जोडीतली एक तार उतरलीय का?"

त्यांनी कान लावला, खुंटी जराशी पिळली आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. ऐकू आलं."

 त्या दिवशी त्यांच्या डब्यातल्या शेंगाचटणीचा मोठा वाटा माझ्या बाजूला सरकला.