स्टार्टर दुरुस्त झाला त्या दिवशीची गोष्ट

आमच्या जुन्या पिकअपला स्टार्टर होता, पण नुसता नावाला. किल्ली फिरवली की 'खट' म्हणायचा आणि गप्प. मग आप्पा स्टिअरिंगवर आणि माय, दादा, मी मागच्या फाळक्याला हात लावून ढकलायला. मायनं पदर खोचला की समजायचं, निघायची वेळ झाली. गाडी चालू झाली की आप्पा पुढं जाऊन जरा हळू करायचे आणि आम्ही तिघं पळत जाऊन हौद्यात चढायचो.

हे हसण्यावारी चाललं होतं, ते दादाच्या लग्नाच्या मुळावर आलं. एका ठिकाणी पोरगी बघून परत निघताना पोरीच्या बापालाच कडक इस्त्रीच्या कपड्यांत गाडी ढकलावी लागली. दुसऱ्याच दिवशी नकार! दादानं सगळं खापर गाडीवर फोडलं. मग अहमदपूरजवळचं स्थळ आलं आणि फोटो बघून हा बाबा असा गडबडला, की दिवसभर उलटा शर्ट घालून हिंडला.

"ह्या गाडीत मी येत न्हाई. बसनं जाऊ," तो म्हणाला.

"घरची गाडी असताना बसनं?" आप्पा पेटले. "आजच्या आज स्टार्टर नीट करतो. मेकॅनिक बी लागत न्हाई मला."

मला तर हसूच आवरेना. आप्पांनी दुरुस्त केलेला मिक्सर अजून माळ्यावर पडून होता. पण ऐकतील ते आप्पा कसले! अंगणात पोतं अंथरलं, बॅटरीची वायर काढली आणि गाडीखाली शिरले. खालून नुसता काळा हात बाहेर यायचा. "पान्हा दे. अगं हा न्हाई, बारका!" गंजलेल्या नटांच्या सात पिढ्या त्यांनी उद्धारल्या. शेवटी स्टार्टर निघाला. उघडून बघतो तर आतले कार्बनचे ब्रश पार झिजलेले. दादा मोटरसायकलवर कंधारला पळाला आणि नवे घेऊन आला. तोवर मी पेट्रोलच्या फडक्यानं आतली काजळी पुसली. सगळं परत बसवल्यावर एक वायसर उरला.

"तो फालतूच होता," म्हणत आप्पांनी तो खिशात टाकला.

किल्ली फिरवली आणि घर्रर्र, गाडी एका झटक्यात चालू! मी अंगणात नाचले. आप्पांनी उगाच चार वेळा बंद करून चालू केली. मायनं बोनेटला हळदकुंकू लावलं. दादानं आप्पांना मिठी मारून शर्टाचं वाटोळं करून घेतलं.

त्याच संध्याकाळी पोरीच्या घरी सगळं मस्त जमलं. दादा तिच्याशी काय बोलला? "पोहे चांगले झालेत." एवढंच! निरोप घेऊन आप्पा ऐटीत गाडीत बसले. आणि मायनं पदर खोचला. झालं! आमचे पाय आपोआप मागं वळले. नव्या शर्टातला दादा, माय आणि मी, तिघांचे हात फाळक्याला. स्टार्टर नीट झालाय हे एकालाही आठवलं नाही. ओसरीवरून ते बघून ती पोरगी धावत आली.

"थांबा, मी बी हात लावते," म्हणत दादाशेजारी उभी राहिली.

"हं, लावा जोर!" माय ओरडली.

तिकडं आप्पांनी किल्ली फिरवली. गाडी भर्रकन निघाली आणि आम्ही चौघं धपाधप मातीत. आम्ही हौद्यात चढलो असं समजून आप्पा खुशाल पुढं निघून गेले.

दादाचा चेहरा बघवेना. ओसरीवर पोरीचे वडील कमरेवर हात ठेवून उभे. हे बी स्थळ गेलं, मी मनात म्हटलं. तेवढ्यात केसांत माती घेऊन बसलेली ती पोरगी पोट धरून हसायला लागली. मग माय, मग मी, मग ओसरीवरचे वडीलसुद्धा.

वळणावर आप्पांना रिकामा हौदा दिसला असावा. गाडी वळवून आले आणि खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "काय करताय रे खाली बसून? आवाज ऐकला का माझ्या स्टार्टरचा?"

"ऐकला की, आप्पा," ती पोरगी म्हणाली.

पोहे देताना ती त्यांना काका म्हणाली होती. मायनं माझा हात गच्च दाबला. ती पोरगी लाजून घरात पळाली, आणि दादा तिथंच मातीत बसून राहिला, उठायचं नावच घेईना.