मध्यंतराआधी मरणारे भाऊजी

अख्ख्या वऱ्हाडात माझ्या मोठ्या भाऊजींइतक्या वेळा मेलेला माणूस दुसरा सापडायचा नाही. ते अकोल्यात मेले, मूर्तिजापुरात मेले, तिवशाच्या गणपतीत तर लागोपाठ तीन वर्षं मेले. तलवारीने मेले, विषाने मेले, सावत्र भावाच्या कटाने मेले आणि एकदा नुसत्या अपमानानेही मेले. पण प्रत्येक वेळी मध्यंतराच्या आत. ती त्यांची अटच होती. नाटकाचं वाचन सुरू झालं की त्यांचा पहिला प्रश्न, "मी कवा मरतो?" दिग्दर्शकाने दुसऱ्या अंकाचं नाव काढलं की ते हात जोडत. "मंग दुसरा मानूस पाहा बापा. मले सकाळी सहाले गिरणी उघडा लागते."

अकोल्यात त्यांची पिठाची गिरणी होती. वडील अकाली गेले तेव्हा त्या गिरणीबरोबर दोन धाकटे भाऊ, एक बहीण आणि दमेकरी आई त्यांच्या वाट्याला आली. भाऊ शिकवले, बहिणीचं लग्न केलं, पुढे स्वतःच्या मुलीला इंजिनीअर केलं, आणि हे सगळं त्या एका गिरणीवर. सणाला सुटी नाही, तापात सुटी नाही. त्यांच्या भुवया काळ्या आहेत हे मी ताईच्या लग्नात पाहिलं, त्यानंतर थेट त्यांच्या बहिणीच्या लग्नात. मधली सगळी वर्षं त्या पांढऱ्याच होत्या.

ताईच्या लग्नानंतर मी अमरावतीहून पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, ती दुपार मी विसरूच शकत नाही. गिरणी बंद. बाकावर पाच-सहा बाया डबे घेऊन गप्पा मारत बसलेल्या, आणि पोत्यांवर माझे भाऊजी पडलेले. तोंड उघडं, डोळे छताला, एक हात खाली लोंबकळतोय. माझ्या हातातली संत्र्यांची पिशवी गळून पडली. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. त्यातली एक बाई मागे वळूनही न बघता म्हणाली, "काहून बोंबलून राहिले भाऊ? लाइन गेली हाय. थे मरून राहिले." मी हबकून तिच्याकडे बघतोय तोवर वरचा दिवा लागला. प्रेत टुणकन उठलं, त्याने गिरणीचा पट्टा चढवला आणि विचारलं, "कोनाची ज्वारी हाय?"

लोडशेडिंगला सगळा वऱ्हाड शिव्या घालायचा. भाऊजींना मात्र ती देवाने दिलेली तालमीची वेळ वाटायची. मरण कसं हुबेहूब पाहिजे! एका नाटकात त्यांना नाग चावणार होता. ते भर दुपारी पीठभरल्या अंगाने डॉक्टरांकडे धावत गेले आणि धापा टाकत म्हणाले, "डॉक्टरसायेब, नाग चावल्यावर मानूस आधी कोन्या अंगावर पडते?" पुढचं त्यांना बोलूच दिलं नाही. दोघांनी धरून आडवं केलं, पाय करकचून बांधला, सुई भरली. भाऊजी "नाटक हाय वो, नाटक हाय" म्हणून ओरडत होते आणि डॉक्टर म्हणत होते, "बघा, बरळायला लागला." ताई तिथं पोचली तेव्हा ती पांढरीफटक पडली होती, आणि तिला पीठही लागलेलं नव्हतं.

खरं तर ताईने त्यांच्या मरण्याचा धसकाच घेतला होता. लग्न नवं असताना ती मूर्तिजापुरात त्यांचं नाटक बघायला गेली. भाऊजींच्या पोटात कट्यार शिरली आणि माझी बहीण किंचाळत रंगमंचावर चढली. "अवो, कोनी पानी आना वो!" म्हणून तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. लोकांना तो नाटकाचाच भाग वाटला. टाळ्या थांबेनात. मेलेले भाऊजी दातांवर दात ठेवून पुटपुटत होते, "उठ ना वो, मी जित्ता हाय." त्यानंतर तिने त्यांचं एकही नाटक पाहिलं नाही. "तुमाले मरताना पाहाले मी कायले येऊ?" एवढं म्हणून ती विषय संपवायची.

गेल्या वर्षी मुलीला नोकरी लागली. धाकट्या भावाने सकाळची गिरणी आपल्याकडे घेतली. आणि वयाच्या छपन्नाव्या वर्षी भाऊजींनी तीन अंकी नाटकातली मुख्य भूमिका घेतली. प्रयोग अमरावतीला. ते दुसऱ्या अंकातही असणार होते, तिसऱ्यातही! मला फोनवर सांगताना त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. त्यांना हवं होतं ते एकच, ताईने पहिल्या रांगेत बसावं.

"शेवटी मरता काय?" ताईने विचारलं.

"येऊन पाह्य."

"आधी सांगा, मंग येईन."

"सांगतलं तर मजा काय राह्यली?"

तीन महिने दोघंही हटून बसले. मीही विचारून पाहिलं, मलाही पत्ता लागू दिला नाही.

प्रयोगाला आठ दिवस असताना भाचीचा फोन आला, "मामा, बाबा गेले." मी तिला म्हटलं, "पुरे गं तुझ्या बाबाची थट्टा." तिला रडू फुटलं. त्या वाक्याची लाज मला अजून वाटते. दुपारी जेवून ते खुर्चीत बसले होते, तेवढंच. ज्या माणसाने रंगमंचावर मरायला दहा-दहा मिनिटं घेतली, तो जाताना "पाणी" एवढंसुद्धा म्हणाला नाही. एक आवाज नाही, एक हातवारा नाही. इतकं वाईट मरण त्यांनी कधीच वठवलं नव्हतं.

तेरवीला नाटकाची मंडळी आली. दिग्दर्शक ताईसमोर खाली मान घालून बसले. "वहिनी, प्रयोग रद्द केला. दुसरा माणूस घ्यायला कोणाचं मनच झालं नाही." तेरा दिवसांत ताईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. सगळ्यांना तिचीच भीती वाटत होती. तिने पदर सारखा केला आणि विचारलं, "नाटकात थे शेवटी मरतात काय?"

"नाही वहिनी. सगळ्या संकटांतून वाचतात. शेवटी घरी येतात."



"मंग मी आली असती ना वो," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे ती रडली.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसलो. एवढी वर्षं त्या माणसाला मी जीव लावला, पण त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला होता. एवढं एक वाक्य घरी सांगून टाकलं असतं, तर काय बिघडलं असतं भाऊजी?