लावणीचा शर्ट

औंढ्याच्या सविताला स्वतःबद्दल शंका अशी कधी आलीच नाही. गोल्फच्या मैदानावर गवत निंदायला लागली, त्याच आठवड्यात तिनं बरोबरच्या बायकांना सांगून टाकलं होतं, "ह्यो खेळ काय अवघड न्हाई. बॉल पळत न्हाई, अंगावर येत न्हाई. गप पडून ऱ्हातो. मारायचा." पुढं ती कॅडी झाली. म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्यांची जड पिशवी खांद्याला लावून त्यांच्यामागं चढउतार तुडवायचे. सोमवारी मैदान बंद असतं आणि त्या दिवशी कामावरच्या माणसांना खेळू द्यायची तिथली रीत. अशा सोमवारांवरच सविता खेळ शिकली, आणि चांगला शिकली. ती हे स्वतःच सांगायची, त्यामुळं दुसऱ्या कुणाला सांगायची वेळ येत नसे.

यंदा डिसेंबरात मॅनेजर सुहाससाहेबांनी कामावरच्या बायकांची पहिली स्पर्धा ठेवली. जी पहिली येईल ती मैदानातर्फे पुण्याला खेळायला जाणार, आणि तिथं तिची पिशवी दुसरं कुणीतरी उचलणार. हे शेवटचं सविताच्या मनात जाऊन बसलं. इतकी वर्षं लोकांच्या पिशव्या वाहून तिचा एक खांदा जरा खाली गेला होता. एकदा तरी रिकाम्या हातांनी, बॉल घालायच्या खड्ड्यात रोवलेल्या झेंड्याकडं बघत तिला चालायचं होतं. त्यासाठी पहिलं यायचं होतं, बस्स.

कपड्यांचे नियम दोनच होते. शर्टाला कॉलर हवी, आणि शर्ट पँटीत खोचलेला हवा. मैदानाकडून सगळ्यांना टी-शर्टही मिळाले, पण पुरुषांच्या मापाचे. सविता तो घालून आरशापुढं उभी राहिली. खांदे दंडावर उतरलेले, बाह्या कोपराला टेकलेल्या.

"ह्ये काय, पोतं?"

तिची मुलगी स्नेहल म्हणाली, "आई, खेळायला सैलच बरं असतं गं."

"बरं असंल. पर मी पोतं घालून पुण्याला जायची न्हाई." पुण्याचं तिनं आधीच ठरवून टाकलं होतं.

तिनं शर्ट उचलला आणि थेट प्रज्ञेश टेलरचं दुकान गाठलं. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज हाच शिवतो.

"कसा करू, मावशी?"

"अंगाबरोबर बसव. ब्लाउज बसतो तसा."

माप द्यायला बाई जशी उभी राहते, तशी ती उभी राहिली. पाठ ताठ, हात खाली, नजर भिंतीवर. प्रज्ञेशनं बगलेतून, खांद्यातून जादा कापड काढून टाकलं. शर्ट असा चोपून बसला की सविता चार लोकांनी बघावं म्हणून लांबच्या वाटेनं घरी गेली.

सोमवारी तोच घालून ती सरावाला उतरली. काठी उचलली, कानामागं न्यायला गेली, आणि हात मध्येच अडला. बॉल मैदानातल्या तळ्यात. दुसरा मारला, तोही तळ्यात.

सारिका तिची मैत्रीण, आणि स्पर्धेतही तीच तिच्या तोडीची. ती हसून म्हणाली, "माशांना खाऊ घालतीस व्हय गं?"

सवितानं आधी वाऱ्याला दोष दिला, मग काठीला. संध्याकाळी मात्र ती खरंच घाबरली. आपलं वय झालं, हात संपला, असं तिच्या मनात येऊन गेलं. आयुष्यात पहिल्यांदाच आलं, त्यामुळं त्याचं काय करायचं तेही तिला कळेना. शर्ट न बदलताच ती दोरीवर धुणं वाळत घालायला गेली. चादर टाकायला हात वर केला आणि काखेत टर्रकन शिवण उसवली.

सविता तशीच उभी राहिली. मग एकटीच मोठ्यानं हसली. हात चांगला होता, शर्टानंच धरून ठेवला होता!

ती धावत प्रज्ञेशकडं गेली. "सोड जरा कापड."

"कापलेलं कापड आता कुटनं आणू, मावशी?"

स्पर्धा दुसऱ्या दिवशी सकाळी होती. सवितानं घरी येऊन पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून नवऱ्याचा, महिपतीचा, जुना फुल शर्ट काढला. भातलावणीला मावळातल्या बायका नवऱ्याचा असा शर्ट साडीवर चढवतात. दिवसभर वाकायचं, रोपं ओढायची, आणि हा शर्ट तिला कधी कुठं काचला नव्हता. कॉलर होती. खालच्या घेराला चिखलाचे डाग होते, ते कुठल्याच साबणाला दाद देत नव्हते. पण खोचायचा म्हटल्यावर डाग दिसणार कुणाला?

महिपती म्हणाला, "अगं, लोकं हसतील."

"हसू द्या. त्यांना कुटं बॉल मारायचाय?"

सकाळी सुहाससाहेबांनी तिच्या कॉलरीकडं पाहिलं, कमरेकडं पाहिलं आणि म्हणाले, "सविताताई, नियमात आहे. खेळा."

खेळ रंगला. शेवटच्या झेंड्याची पाळी येईपर्यंत सारिका आणि सविता बरोबरीत होत्या, दोघींचे फटके सारखेच; आता जिला कमी लागतील ती पहिली. मध्ये तेच तळं. सारिकानं शहाणपणानं बॉल तळ्याच्या बाजूनं मारला.

"बाजूनंच मार गं," ती सविताला म्हणाली. "कालचं आठव."

सवितानं पाय रोवले. काठी वर गेली, कानामागं गेली, जिथवर जायची तिथवर गेली. पाठीवर शर्ट फुगला आणि फटका असा बसला की आवाजावरूनच तिला कळलं. बॉल तळं ओलांडून झेंड्याशेजारी पडला. सारिकानंच आधी टाळी वाजवली, आणि मग धावत येऊन तिला मिठी मारली. सविताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते बाहीनं पुसलं, बाही होतीच लांब.

पुण्यासाठी मैदानानं तिला शर्टाचं नवं, चांगलं कापड दिलं. ते घेऊन ती प्रज्ञेशच्या दुकानात गेली. प्रज्ञेश जरा ओशाळलेलाच होता. त्यानं गळ्यातली टेप काढली.

"उभ्या ऱ्हावा, मावशी. ताठ. हात खाली."

सवितानं दाराशी टेकवलेली काठी आत आणली. दोन्ही पाय फाकवून उभी राहिली, कमरेत वळली, आणि दोन्ही हात कानामागं नेऊन तशीच थांबली. वर टांगलेले ब्लाउज हलले.

"हां," ती म्हणाली. "आता घे माप."