टोंगळा

"साडी वर घ्या आजी. लाजू नका, इथं सगळे डॉक्टरच आहेत."

सगळे डॉक्टर नव्हते. रामदासपेठेतल्या त्या हॉलात पट्टे विकणाऱ्या कंपनीची माणसं होती, फोटोवाला होता. आणि मंचावरच्या खुर्चीत बसलेली आजी माझी आई होती. पारशिवनीहून एसटीनं आलेली. जन्म धानाच्या रोवणीत गेला, पाय गुडघ्यातून बाहेर वाकले.

त्या पायांसाठीच मी गुडघ्याला बांधायचा पट्टा बनवला होता. बाजारातले पट्टे खुर्चीत बसणाऱ्यांचे. आई जमिनीवर बसली की त्यांची बिजागरी मांडीत रुतायची. मी ती सरकती केली. घरातली पहिली पदवीधर मी. शिकले ते आधी आईच्या पायावर लावलं.

साडी वर घ्यायला सांगणारे डॉक्टर म्हणजे माझे सर, मी त्यांच्या क्लिनिकात नोकरीला. ते म्हणाले होते, "आईला आण. सगळ्यांसमोर तुझं नाव घेतो." पडद्यावर फक्त त्यांचं नाव होतं.

"बांध," सर म्हणाले. मी स्टूल ओढलं. ते माईकमध्ये बोलले, "स्टूल कशाला? खाली बस. पायाशी बसायची सवय आहेच तुम्हा लोकांना. आणि बरं का, ही गुडघ्याला टोंगळा म्हणते."

हॉल हसला. मी खाली बसले. पट्टा बांधला.

"चला आजी, चालून दाखवा."

आई उठली नाही. वाकली आणि वेल्क्रो खर्रकन ओढून काढलं. माईकमध्ये तो आवाज घुमला.

"उठ वं बाई," ती मला म्हणाली. मग सरांकडे बघून, "टोंगळा माहा दुखून राहिला. याच्या जिभेले का झालं?"

मी उठले, सरांच्या हातातून माईक घेतला. "हा पट्टा मी बनवला. ही माझी आई आहे." शब्द पुढच्या रांगेपलीकडे गेले नाहीत. माईक बंद केला होता.

"यांना चहा द्या रे कुणीतरी. बाहेर," सर म्हणाले.

नोकरी गेली. तो पट्टा आज सरांच्या नावानं विकला जातो. परत मिळाला नाही.

मी कन्हानला एका शेडमध्ये नवा बनवते. त्यावर आतून नाही, बाहेरून, दिसेल असं कोरते: टोंगळा. खाली माझं नाव. आडनावासकट.

माप घ्यायला मी आजही पायाशी बसते. माप तिथूनच घ्यावं लागतं. पण जो मला "बस" म्हणेल, त्याच्या पायाचं माप मी घेणार नाही.