साहेबांचा बंब

लग्नानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात सासूबाईंचे गुडघे इतके आखडले, की सकाळी त्यांना धरून उठवावं लागे. वैद्यांनी रोज कडक पाण्याने शेकायला सांगितलं. आमच्या अकोल्याच्या घरात चूल एकच. पाणी ठेवलं की स्वयंपाक खोळंबे, आणि यांना तर दहाच्या आत डबा घेऊन कचेरी गाठायची असे. बंब घ्यायचं ठरलं, पण नवा परवडणारा नव्हता.

यांचे जुने साहेब अमरावतीला होते. त्यांची बदली झाली होती आणि ते सामान विकत होते. आम्ही दोघं एसटीने गेलो. अंगणात चिंचेने घासलेला तांब्याचा बंब लखलखत होता. आत पाणी नव्हतं, विस्तव नव्हता. मी यांच्या कानाशी लागले, "पानी भरून पेटवून दाखवा म्हना न."

"साहेबाले असं म्हनू का मी?" हे पुटपुटले. "काय समजतीन ते?"

तेवढ्यात बाईसाहेबांनी चहा आणला. मग तर यांचं तोंडच शिवलं गेलं. मी विचारू शकले असते. माझीही जीभ उचलली नाही, हे आता कबूल करते. त्या दिवशी मात्र बंब विकत घेऊन परतताना सगळा राग यांच्यावर काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरलं, मधल्या नळीत कपाशीच्या वाळक्या पराट्या कोंबल्या आणि पेटवल्या. सासूबाई पाटावर येऊन बसल्या. जरा वेळाने नळीतून चर्र आवाज आला. मग धूर, आणि राखेचा काळा चिखल. नळीलाच भोक होतं. पाणी विस्तवावर गळत होतं. सासूबाई कुडकुडत तशाच उठल्या.

तांबटाने डाग देऊन भोक बुजवलं. चार दिवस बरे गेले, मग दुसरीकडून गळायला लागलं. पुन्हा डाग. तिसऱ्या खेपेला तांबटच वैतागला. "बाई, नळीची चाळनी झाली. किती ठिकानी डाग देऊ?"

साहेबांना लिहा, म्हणून मी यांच्या मागे लागले. अखेर एका रविवारी यांनी पत्र लिहिलं. टाकायच्या आधी मी वाचलं. साहेबांची तब्येत, नव्या गावचं हवापाणी, मुलांना आशीर्वाद, आणि शेवटी, 'बंब उत्तम चालला आहे.'

"हे काय लिवलं तुमी?"

"एवढ्या मोठ्या मानसाले तक्रार कशी लिवाची?"

मी पत्राचे चार तुकडे केले. सासूबाई आतून म्हणाल्या, "भांडू नका रे, मी थंड्या पान्यानं धुतो पाय." त्यानं तर मी जास्तच भडकले.

मग बंब विकायचं काढलं. अंजनगावहून एक नवराबायको पाहायला आले. हे म्हणाले, "कसा चमकते, पाहा." बाई वाकून नळीत डोकावत होती, पण विचारत काही नव्हती. मला राहवलं नाही. मी पाणी ओतलं आणि त्यांच्यासमोर पेटवला. व्हायचं तेच झालं.

"तुमी विकून राहिल्या का भेव दाखवून राहिल्या?" तो माणूस म्हणाला, आणि दोघं निघून गेले.

हे दार लोटून आले. मग म्हणाले, "हेच साहेबाच्या अंगनात केलं असतं त?" मी खाली बसून राखेचा चिखल निपटू लागले.

बंब शेवटी मोडीत गेला. त्यानंतरच्या रविवारी यांनी कुठूनशा विटा आणल्या आणि मागच्या अंगणात एक वेडीवाकडी चूल रचली. सकाळी स्वतः उठून ती पेटवू लागले. फुंकून फुंकून डोळे लाल होत. पाणी चांगलं कडक निघे. सासूबाई पाय सोडून बसत, मी तांब्याने धार धरत असे. त्यांना आराम पडला. माझा राग मात्र आणखी बरेच दिवस गेला नाही. तो यांच्यावर किती होता आणि माझ्यावर किती, हे तेव्हा मी तपासलं नाही.