मीच म्हटलं होतं, आता फोन नको

मंडळी, आज कोलकात्याजवळच्या बजबजच्या आरोग्य केंद्रातून परतले आणि लगेच हे लिहायला बसले.

तिथल्या रुग्णांची माहिती कोलकात्याच्या मोठ्या रुग्णालयात पाठवणारं ॲप आमच्या कंपनीने बसवलं. ते शिकवायला मीच गेले होते. सिस्टर मालतीदी पूर्वी प्रत्येक रुग्णासाठी तिकडे फोन करायच्या. मी हसून म्हटलं, "दीदी, आता फोन कशाला? मेसेज आपोआप जातो."

गेल्या आठवड्यात ज्यूट मिलच्या एका कामगाराला अर्धांगवायूचा झटका आला. मेसेज गेला, पण तिकडे तीन तास कुणी उघडलाच नाही. तोवर उत्तराची वाट बघत त्याला केंद्रातच बाकावर बसवून ठेवलं.

आज तो केंद्रात दिसला. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला. मुलगी त्याच्या शर्टाची बटणं लावत होती.

मालतीदी हळूच म्हणाल्या, "फोन हातात घेतला होता गं मी. मग वाटलं, एवढी शिकलेली मुलगी सांगून गेलीय."

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. बाबाही मला कौतुकाने 'शिकलेली मुलगी'च म्हणतात.

निघताना केंद्राच्या भिंतीवर कागद चिकटवला: मेसेज पाठवा आणि फोनही करा.

तुमच्यापैकी कुणी मोठ्या रुग्णालयात असाल तर सांगा, तो फोन उचलायला तिकडे कुणी असतं ना?