न सांगितलेला आकडा

कारंज्याच्या बसस्टँडमागे माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. सुरुवात टीव्हीचे रिमोट दुरुस्त करण्यापासून केली. तेव्हा कोणी हात दिला नव्हता, म्हणून आपणही कोणाला काही फुकट द्यायचं नाही असं मी मनाशी पक्कं केलं होतं. त्यातूनच एक पद्धत पडली. गिऱ्हाईकाकडे फोटो आणि फायली साठवायचा स्टोरेजचा डबा बसवला की त्याचा नेटवर्कचा नंबर आणि पासवर्ड मी लिहून देत नसे. डब्याखालचं स्टिकरही खरवडून काढायचो. नंबर माझ्या डोक्यात राही, आणि अडलं की गिऱ्हाईक माझ्याच पायरीवर येई. याला मी हुशारी म्हणत असे.

गावातल्या एका एक्स-रे सेंटरमध्ये असाच चार डिस्कचा डबा मी बसवला होता. सेंटर चालवणारे गृहस्थ माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. सगळे त्यांना भाई म्हणतात. त्या डब्याच्या सौद्यात भाईंनी मला इतकं खाली आणलं होतं की मी निव्वळ पुढच्या कामाच्या आशेवर हो म्हटलं. पुढचं काम म्हणजे सेंटरवर नजर ठेवायचे सीसीटीव्ही कॅमेरे. ते मात्र त्यांनी अकोल्याच्या एका माणसाला दिलं. ही गोष्ट मला फार लागली. दिवाळीनंतरच्या एका रविवारी तो माणूस कॅमेरे बसवत होता, आणि तिथूनच त्यानं मला फोन केला. "दादा, तुमच्या डब्याचा नंबर सांगता का? माझ्या कॅमेऱ्याच्या मशीनले दुसरा देतो."

"तुह्या कामाशी काम ठेव," मी म्हणालो आणि फोन कापला.

सोमवारी सकाळी दहाला भाईंचा फोन आला. जुने फोटो उघडत नव्हते. मी म्हणालो, स्वतः दुकानात या. ते आले. मी त्यांना बाकावर बसवून ठेवलं आणि हातातलं काम उगाच लांबवत राहिलो. भाई हसून म्हणाले, "तुमचा डबा रुसला, शेठ. माहेरचं मानूस आल्याबिगर बोलत नाई म्हनते."

मी हसलो नाही. कॅमेऱ्यांची देखरेख माझ्याकडे द्यायची कबुली मिळाल्याशिवाय मी डब्याला हात लावणार नाही, असं सांगितलं. अकोलेवाल्याला शब्द दिला आहे, असं ते म्हणाले. मग त्यालाच बोलवा, असं मी म्हणालो. बराच वेळ असाच गेला. शेवटी त्यांनी मान डोलावली आणि हळूच सांगितलं की पेशंट बसून आहे, घाई आहे.

पेशंट म्हणजे मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचं जोडपं होतं. दरवर्षी ऊसतोडीला जाणारं. तोडीला माणूस एकटा घेत नाहीत, नवराबायकोची जोडी घेतात. नवऱ्याला महिनाभर खोकला होता, म्हणून निघण्याच्या दिवशीच बायकोनं हट्टानं त्याला डॉक्टरकडे आणलं होतं. नव्या फोटोत छातीत डाग दिसला. दोन वर्षांपूर्वी त्याचा टीबी बरा झाला होता, आणि तेव्हाचा फोटो याच सेंटरमध्ये काढलेला होता. घरातली फिल्म ओल लागून खराब झाली होती. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. तो फोटो दाखवा. डाग तेव्हाचाच असेल तर खुशाल जा. नवीन असेल तर तोड विसरा, नागपूर गाठा. मजुरांची गाडी मानोऱ्याहून दोनला निघणार होती, म्हणजे कारंजा त्यांना एकला सोडायला हवं होतं.

मी सेंटरमध्ये पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. बाई दाराशी उभी होती, नवरा भिंतीला टेकून खाली बसला होता. बाईनं विचारलं, "भाऊ, होईन ना एकच्या आत?"

"अकोल्याच्या मानसानं घोळ करून ठेवला, बाई. पाहू द्या," मी म्हणालो. तोवर मी काहीही पाहिलं नव्हतं.

डब्याचे दिवे हिरवे होते. कॉम्प्युटरवरून त्याच्या नंबरला हाक दिली तर उत्तर येत होतं. फोल्डर मात्र उघडत नव्हतं. एकदा उघडलं, यादी दिसली, आणि लगेच बंद पडलं. इथे शांत डोक्याच्या माणसाला शंका आली असती. मला फक्त कॅमेऱ्याच्या नव्या वायरी दिसत होत्या. सगळ्या वायरी जिथे जोडतात तो स्विच त्यानंच बिघडवला, हे मला सिद्ध करायचं होतं. मी स्विच बदलला. वायरींची टोकं कापून नवी लावली. डबा दोनदा बंद करून चालू केला, आणि दरवेळी तो उठेपर्यंत दहा-दहा मिनिटं गेली. मधे अकोलेवाल्याला फोन लावून सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोललो. तो एवढंच म्हणाला की दादा, मी विचारलं होतं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

एक वाजून गेला. बाईनं पुन्हा विचारलं नाही. ती बाहेर जाऊन मुकादमाशी फोनवर बोलत राहिली. थोडं थांबा, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

पावणेदोनला मी डब्याची वायर काढून हातात धरली. कॉम्प्युटरवर हाक चालूच होती. डबा सुटलेला, वायरीचं टोक माझ्या मुठीत, आणि पडद्यावर उत्तर येतच होतं.

तेव्हा कळलं. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला घराच्या नंबरासारखा एक नंबर असतो. दोन घरांना एकच नंबर दिला तर टपाल कधी इथे जातं, कधी तिथे. माझ्या डब्याचा शेवटचा आकडा पन्नास होता. रविवारी सेंटर बंद, डबाही बंद. अकोलेवाल्याला पन्नास मोकळा दिसला आणि त्यानं तो कॅमेऱ्याच्या मशीनला दिला. त्यानं मला विचारलं होतं. एक आकडा सांगायला मला किती वेळ लागला असता?

मशीनचा नंबर बदलायला पाच मिनिटंही लागली नाहीत. जुना फोटो उघडला. भाईंनी तो डॉक्टरांना पाठवला आणि थोड्या वेळात उत्तर आलं. डाग जुनाच होता. खोकल्याला औषध दिलं, बाकी काही नाही. बाई तिथेच खाली बसली, आणि तोंडाला पदर लावून थोडी रडली. मग तिचा फोन वाजला. गाडी निघाली होती, आणि त्यांच्या जागी मुकादमानं दुसरी जोडी घेतली होती. नवरा चप्पल शोधत राहिला.

भाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काय झालतं?"

माझ्या तोंडून आलं, "त्यानं चुकीचा नंबर देल्ला."

शब्द खोटा नव्हता. म्हणूनच तो इतका सहज निघाला. भाईंनी त्याच संध्याकाळी अकोलेवाल्याचं काम बंद केलं. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. जाताना बाई माझ्यासमोर थांबली. म्हणाली, "तुमी होते म्हनून फोटो भेटला, भाऊ. नाई तं जिवाले घोर राह्यला असता." मी पकड आणि स्क्रू पिशवीत भरत होतो. मान वर केली नाही.

त्यानंतर मी ती पद्धत सोडली. आता प्रत्येक डब्यावर पांढरी पट्टी चिकटवतो आणि नंबर ठळक लिहितो. गिऱ्हाइकं म्हणतात, शेठ सुधारले. मी कारण सांगत नाही.

गेल्या महिन्यात मी अकोलेवाल्याला फोन केला. माफी मागायला शब्द सुचेनात, म्हणून आकडाच सांगितला. "पन्नास होता."

तो मग म्हणाला, "आता मले सांगून काय फायदा, दादा? भाईले सांगा. अन् त्या दोघायले सांगा."

भाईंच्या सेंटरवरून मी रोज जातो. त्या दोघांच्या तांड्याचं नाव मला माहीत नाही, पण फोटोच्या कोपऱ्यात ते लिहिलेलं असतं. दुकानात बसल्या बसल्या इंटरनेटवरून तो डबा मी उघडू शकतो, पासवर्ड अजून माझ्याचकडे आहे. अजून उघडलेला नाही.